मडमबाईंच्या एक्केचाळीस बैठका

हिरडगडच्या संग्रहालयात एक काउंटेस आहे, पण गावात तिला काउंटेस म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. तिकीट फाडणाऱ्या बाईंपासून कलेक्टरांपर्यंत सगळ्यांना ती मडमबाई म्हणूनच ठाऊक. सात फूट उंचीचा कॅनव्हास, निळसर राखाडी रेशमाचा घेरदार झगा, खांद्यावरून ओघळलेली पांढऱ्या फरची झूल, एका हातात मिटलेला पंखा, दुसरा हात खुर्चीच्या मुठीवर. अडीचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका चिमुकल्या दरबारात लाउबेन नावाच्या चित्रकाराने तिला समोर बसवून रंगवलं. १९११ साली आमचे राजेसाहेब युरोपात गेले आणि येताना दोन पियानो, एक कारंजं आणि ही बाई घेऊन आले. पियानोंना वाळवी लागली, कारंज्यात पाणी कधी चढलंच नाही, बाई मात्र टिकल्या.

मी ऋजुता रणभिसे, या संग्रहालयाची चित्रसंवर्धक. जुन्या चित्रांची डॉक्टर, असं माझा नवरा लोकांना सांगायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. सत्तावीस वर्षं मी मडमबाईंची धूळ टिपलीय, चौकटीला लागलेली कसर काढलीय, आणि मला त्या मनापासून आवडतात, हे आधीच कबूल करते. पण त्यांचा चेहरा मला कायम खटकायचा. झगा एका हाताचा आणि चेहरा दुसऱ्या, हे नवशिक्यालाही कळावं. दफ्तरात त्याचा खुलासा होता. १९५६च्या पावसाळ्यात माकडांनी दरबार हॉलची कौलं उचकटली, पाणी नेमकं बाईंच्या तोंडावर उतरलं, आणि संस्थानचे जुने चितारी दत्तोबा जिनगर यांनी ‘चेहऱ्याची दुरुस्ती’ केली. एवढी एकच ओळ.

हे दत्तोबा म्हणजे माझ्या सासूबाईंचे वडील. या नात्याचा मला कधी काडीचा उपयोग झाला नाही. सासूबाई वडिलांविषयी बोलायच्या नाहीत, आणि मडमबाईंविषयी बोलल्याच तर वाकडं. ‘तोंडात सुपारी धरून बसल्यासारखी दिसते,’ हे त्यांचं मत. लहानपणी अप्पांनी त्यांना त्या हॉलमध्ये कधी येऊच दिलं नव्हतं. पोरांचं इथे काम नाही, म्हणायचे.

माझं स्वप्न एकच होतं. त्या दुरुस्तीखालचा खरा चेहरा मरण्यापूर्वी एकदा पाहायचा. लाउबेनने रंगवलेले चेहरे जगात सहाच उरलेत. सातवा माझ्या भिंतीवर होता आणि तोही झाकलेला.

२०४६च्या हिवाळ्यात ते स्वप्न एका टेम्पोतून आलं. परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाने थरवाचक नावाचं यंत्र आम्हाला वापरायला दिलं आणि ते चालवायला मिरजेचा तौफिक सतारमेकर आला. ठरलं होतं ते असं. यंत्राने आधी दुरुस्तीचे थर वाचायचे, मग प्रकाशसुईने, म्हणजे क्षणाच्याही सूक्ष्म अंशापुरत्या लागणाऱ्या प्रकाशाच्या टोचणीने, ते एकेक करून उडवायचे, आणि खालचा लाउबेन मोकळा करायचा. नंतर चित्र दोन वर्षं तिकडे प्रदर्शनात जाणार होतं आणि त्याच्याबरोबर मीही. तिकडच्या डॉक्टर हेल्गा राइन पडद्यावर दर सोमवारी भेटायच्या, फार अदबीने बोलायच्या. दुरुस्ती काढायला कोणाची हरकत असणार होती?

यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगते. जवसाच्या तेलात कालवलेला रंग ओल्या कपड्यासारखा वाळत नाही. तो हवेतला प्राणवायू घेत घेत हळूहळू घट्ट होत जातो, वर्षानुवर्षं. त्यामुळे काल दिलेल्या थरावर आज दुसरा थर चढवला तर त्यांची सीमा पुसट राहते, महिन्याने चढवला तर ती स्पष्ट उमटते. रेडिओलहरी आणि उष्णतेच्या लहरी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या लहरी यंत्र रंगात सोडतं. प्रत्येक सीमेवरून त्यातल्या थोड्या परत येतात. किती वेळाने आल्या यावरून थर किती खोल ते कळतं, कशा आल्या यावरून दोन थरांत किती दिवस गेले ते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सात-आठ थर मावतात.

“आमचे आजोबा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारून आतली जाडी सांगायचे,” तौफिक म्हणाला. “मी पण तेच करतोय मॅडम, फक्त टिचकी बारीक झालीया.”

दुरुस्तीचे दोन, फार तर तीन थर निघतील, असा आमचा अंदाज होता. चितारी हुशार असला तर चार दिवसांचं काम. निघाले बेचाळीस. कार्तिकापासून आषाढापर्यंत पसरलेले, कधी रोजचे, कधी आठवड्याचं अंतर ठेवून. मी तौफिकला यंत्र पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बेचाळीस.

मग त्याने ते थर पडद्यावर तळापासून एकामागून एक चालवले. सकाळचं ऊन हॉलच्या फरशीवर आलं होतं आणि बाहेर माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. पडद्यावरची बाई हलायला लागली. मान किंचित वळली, परत सरळ झाली. पापणी खाली आली. एक बट कानामागे गेली, दोन दिवसांनी पुन्हा सुटली. कातडीचा रंग गोरा, अगदी मूळ चित्रासारखा, पण गालाची हाडं, नाकाचा शेंडा, ओठांची ठेवण आपल्याकडची. कुणी तरी दत्तोबांसमोर बसलं होतं आणि ते एका काउंटेसच्या रंगात तिला रंगवत होते. तिसऱ्या थरात डाव्या कानाच्या वरच्या पाळीवर बुगडी होती. चौथ्यात ती काढून टाकलेली, नुसतं भोक राहिलेलं. ते भोक सत्तावीस वर्षं मी कॅनव्हासवरचा डाग समजत आले होते. जर्मन काउंटेसचा कान बुगडीसाठी टोचलेला असेल, हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

विसाव्या थरानंतर चेहरा ओसरत गेला. गाल बसले, डोळ्यांखाली सावली आली. चित्रकार काही लपवत नव्हता, समोर दिसेल ते मांडत होता. एक्केचाळिसाव्या थरात नुसते डोळे उरले होते. आणि बेचाळिसाव्यात, सगळ्यांत वर, आजवर सगळ्या जगाने पाहिलेला तो भरल्या गालांचा, सुपारी धरल्यासारखा चेहरा.

“बाईंच्या केसांपाशी काही तरी लिहिलंय मॅडम,” तौफिक म्हणाला.

थरांच्या मधे, शिशाच्या पेन्सिलीने. त्या लहरी पेन्सिलीच्या रेघेवरून आरशावरून परतावं तशा परततात, त्यामुळे अक्षरं लख्ख उमटली होती. मोडी लिपी. एक्केचाळीस थरांखाली एक्केचाळीस टिपणं, शेवटच्या थराखाली काही नाही. यंत्राला मोडी वाचता येत होती. ‘बसली. ऊन चांगले.’ ‘बसली. खोकला कमी.’ ‘पाव घटका बसली.’ नाव कुठेच नव्हतं.

मला मोडी येत नाही, त्यामुळे यंत्राचं वाचन पडताळता येईना. पण घरी एक बाई होती, जिने बत्तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात बसून तालुक्यातल्या भावाभावांची भांडणं मोडीतून मराठीत आणली होती.

सासूबाईंचं नाव प्रभावती. वय ब्याण्णव, कान शाबूत, जीभ त्याहून. मुलगा गेल्यावर आम्ही दोघी एका घरात राहिलो, एकाच माणसाच्या मागे राहिलेल्या, आणि आमचं बरं चाललं होतं, कारण दोघींनाही रडण्यापेक्षा भांडणं सोपं जायचं. दुपारी त्या पावटे सोलत होत्या. मी छापलेली टिपणं पुढे ठेवली आणि हे कुठलं ते सांगितलं नाही. मला वाटलं, आधी निर्मळ वाचन व्हावं.

त्यांनी तीन कागद वाचले. मग उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला बसल्या.

“हा ‘ख’ अप्पांचा आहे,” त्या म्हणाल्या. “अख्ख्या तालुक्यात असा ‘ख’ दुसरा कोणी काढत नव्हतं.” मग म्हणाल्या, “ऋजुता, ही माझी आई आहे.”

आईचं नाव भागीरथी. क्षयाने गेली, सत्तावन्नच्या वैशाखात. औषध आलं तेव्हा उशीर झाला होता. सासूबाई तेव्हा तीन वर्षांच्या. पोरीला आईच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, म्हणून त्या बाहेरच्या खोलीत मावशीपाशी असायच्या. पुढे माघी पौर्णिमेला मावशी त्यांना मिरजेला घेऊन गेली, ती कायमचीच; इकडे यायच्या त्या फक्त सुट्टीत. आईचा फोटो एकही नाही. काढायची ऐपत आली तेव्हा आई नव्हती. हे सगळं मला लग्नापासून ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली.

“मावशी म्हणायची, तुझी आई समजूतदार होती, पोरीला एकदा द्या म्हणून तिनं कधी हट्ट केला नाही.” त्यांनी कागद नीट एकावर एक लावले. “मावशी कौतुकानं सांगायची गं. मी नव्वद वर्षं तेवढंच घेऊन बसलेय. एकदा तरी करायचा होता हट्ट.”

मी पावटे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये आल्या. तौफिकने खुर्ची आणून ठेवली आणि पडद्यावर थर चालवले. त्या हातातली काठी दोन्ही हातांनी धरून बघत राहिल्या. त्यांनी आईला ओळखलं असं मी म्हणणार नाही, कारण ओळखायला आठवण लागते. त्या नुसत्या भेटत होत्या. चेहरा ओसरू लागला तेव्हा मी थांबवू का विचारलं, तर हाताने गप्प बस म्हणाल्या. शेवटचा भरला चेहरा आला तेव्हा हलकंसं हसल्या. “मेल्यावर अप्पांनी तिला बरं केलंय,” म्हणाल्या.

गडबड सतराव्या टिपणावर झाली. यंत्राने वाचलं होतं, ‘माघ शुद्ध चतुर्दशी. तीन बसली.’ तौफिकने त्याचा अर्थ लावून ठेवला होता. त्या दिवशी तिघं जणं असतील, आई, तुम्ही आणि मावशी.

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की चुकीचा सर्व्हे नंबर आणणाऱ्या माणसाकडे त्या असंच बघत असणार. “माणसांना तीन म्हणतात होय रे? तीन पायल्या, तीन चिंचा. माणसं तिघं असतात, आणि बायका असल्या तर तिघी. आणि मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, सगळं एका दमात. ते तीन नाही. ती, न, बसली.”

“पण आजी, ‘ती’ म्हणजे कोण? नाव कुठं लिहिलंय?”

“बायकोचं नाव कशाला लिहील? बायको ‘ती’च. तुझ्या यंत्राला नाव पाहिजे होतं, ते मिळेना, म्हणून त्यानं ‘ती’चा आकडा केला.”

तौफिकने डोकं खाजवलं. त्याचा प्रश्न रास्त होता. ती त्या दिवशी बसली नाही म्हणावं, तर सतरावा थर आला कुठून? मी तो एकटा थर मोठा करून लावला. आम्ही चालत्या चित्रात तो दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा नजरेतून निसटला होता. सोळा थरांत ताठ असलेली मान त्यात खाली आणि डावीकडे झुकली होती. डोळे मांडीकडे. आणि हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या भागात, पिवळी झाक होती.

इथे मला माझ्या कामातलं थोडं सांगावं लागेल. कुठलाही रंग नुसता आपल्या जागी राहत नाही. उन्हात लाल पदर हनुवटीजवळ धरा, हनुवटीखाली लाली येते. चितारी ते बघून रंगवतो, मनाने घालत नाही. मडमबाईंचा झगा निळसर राखाडी, तो तिथे निळीच छटा देणार, आणि बाकीच्या एक्केचाळीस थरांत ती आहे. एकट्या सतराव्यात पिवळी. त्या दिवशी भागीरथीबाईंच्या मांडीवर उन्हात काही तरी पिवळं होतं, आणि त्या मान खाली घालून त्याच्याकडे बघत होत्या. नवऱ्याने सांगितलेली काउंटेसची बैठक त्या दिवशी त्यांनी घेतली नाही. ती न बसली.

“मावशी सांगायची, मला नेलं तेव्हा माझ्या अंगात पिवळा झगा होता,” सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. “दुसऱ्या दिवशी. पौर्णिमेला. म्हणजे केला होता तिनं हट्ट.” त्यानंतर मात्र त्यांना रडू आलं, मोठ्याने, आणि मलाही आलं. तौफिक माळ्याशी काही तरी बोलायला बाहेर गेला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काम ठरलेलं होतं.

मी विश्वस्त मंडळाला सगळं लिहून कळवलं, चितारी कोण, मी कोण, खाली काय आहे. अध्यक्ष माणूस वाईट नाही. त्यांनी मला बोलावून चहा दिला आणि म्हणाले, कायद्याने गरज नसली तरी दत्तोबांच्या वारसाची लेखी संमती घेऊ, म्हणजे उद्या बोभाटा नको. सासूबाईंना सगळे बेचाळीस थर पडद्यावर मिळतील, घरी, हव्या त्या आकारात. डॉक्टर राइन तर हळव्या झाल्या होत्या. पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. खाली जी बाई आहे तिलाही चेहरा होता, म्हणाल्या, आणि तो नव्वद वर्षं कोणी पाहिलेला नाही. पडद्यावर तर सगळं राहणारच आहे.

खरं सांगते, मला त्यांचं पटत होतं. आणि पटत होतं म्हणून लाजही वाटत होती. एका बाजूला सातवा लाउबेन, माझं अर्धं आयुष्य, आणि दुसऱ्या बाजूला घरातली ही खडूस बाई, जिला नव्वदीत आई भेटली होती. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही नको म्हणा. तुम्ही नको म्हटलंत की मी सुटले.

“माझ्या आईनं त्या बिचारीचं तोंड झाकलंय, हे काय मला कळत नाही?” त्या म्हणाल्या. “आण कागद.”

त्यांनी संमतीपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, सुवाच्य बाळबोधीत, मोडी कोणाला येणार म्हणून. वरून खाली, एकेक दिवस करून काढावे. काम माझ्यासमोर व्हावे. मी खुर्चीवर बसून असेपर्यंत ते चालू राहण्यास माझी हरकत नाही. खाली तारीख आणि ठसठशीत वळणाची सही. अध्यक्ष वाचून हसले आणि आजींना गादीची खुर्ची द्या म्हणाले. डॉक्टर राइन यांना भाषांतर पाठवलं, त्यांनाही ते फार हृद्य वाटलं.

त्या हो म्हणाल्या याचा मला आनंद झाला होता, आणि तो आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

काम माघात सुरू झालं. रोज सकाळी दोन तास. चित्र भिंतीवरून उतरवून ठेंगण्या घोडीवर उभं केलं होतं. सुई माझ्या हातात, खोलीवर नजर तौफिकची, आणि सहा हातांवर गादीच्या खुर्चीत सासूबाई. त्या आधी दूध पिऊन, वेणी घालून, इस्त्रीचं पातळ नेसून यायच्या. ऑफिसला निघाल्यासारख्या.

पहिल्या दिवशी बेचाळिसावा थर गेला. अप्पांनी बरी केलेली बाई धुरासारखी उडाली आणि खालून खंगलेली वर आली. हे पडद्यावर पाहिलं होतं, तरी खऱ्या रंगात पाहणं निराळं. ब्रशच्या केसांच्या खुणा दिसत होत्या. एका ठिकाणी दत्तोबांच्या बोटाचा ठसा होता. सासूबाई संध्याकाळी जेवल्या नाहीत.

पण त्यानंतर नवल घडत गेलं. रंगवताना जे दिवस पुढे गेले होते ते आता मागे येत होते. रोज दोन-तीन दिवस उतरायचे आणि भागीरथीबाई थोड्या बऱ्या व्हायच्या. डोळ्यांखालची सावली फिकी झाली. चौतिसाव्याला ओठांना रंग आला. तिसाव्याला कपाळावरची शीर गेली. पेन्सिलीची टिपणं सुईखाली एक क्षण उघडी पडायची आणि जायची. सासूबाई ती मोठ्याने वाचायच्या. “बसली. खोकला फार.” “बसली. पेज प्याली.” “बसली. हसली.” आम्ही तिघं त्या उन्हाच्या चौकोनात काळाच्या उलट्या बाजूला चालत होतो. घरी जाताना त्या माझा हात धरायच्या, जो त्यांनी पूर्वी कधी धरला नव्हता. एकदा वाटेत म्हणाल्या, आज तिला बरं वाटत होतं, नाही? मी म्हटलं, हो आई, आज जरा भरल्यासारखी वाटली. आणि मग मला आठवलं, की ही बाई एकोणनव्वद वर्षांपूर्वी गेलीय.

त्या दिवसांत लाउबेनचा मला विसर पडला होता म्हणाल, तर नाही. प्रत्येक थर गेला की मी मनात मोजायची, आता किती उरले. माझी बॅग भरून तयार होती.

दहाव्या सकाळी अठरावा थर गेला आणि सतरावा उघडला. मी सुई मागे घेतली. मान झुकली होती. पापण्यांच्या खाली डोळे मांडीकडे लागलेले, ओठ कशासाठी तरी किंचित उघडे, काही तरी म्हणत असल्यासारखे. हनुवटीखालचा पिवळा रंग पडद्यावर दिसला होता त्याहून कितीतरी उबदार होता. एवढ्या मोठ्या दरबारी झग्यातून, फर आणि लेस आणि पंखा यांच्यामधून, एक साधी बाई कुणाकडे तरी खाली बघत होती. दत्तोबांनी तो थर घाईने लावला होता. पोर उतरायच्या आत.

मागे काठीचा आवाज झाला. सासूबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

मला वाटलं, पाय आखडले असतील. तौफिक पाणी आणायला वळला. त्यांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मी उठले.”

मग मला ते संमतीपत्र कळलं. बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी एकेका शब्दावर इकडच्या तिकडे होताना पाहिलेली बाई. तिने वाटेल तशी ओळ लिहिली असेल, असं आम्हा शहाण्यांना वाटलं कसं?

तौफिकने अध्यक्षांना फोन लावला, त्याला लावावाच लागला. ते म्हणाले, दमल्या असतील, परत खुर्चीवर बसवा, नाहीतर कागद मी बघून घेतो, तुम्ही चालू ठेवा. फोन तौफिकने माझ्या कानाशी धरला होता. सुई चालू होती, तिचा बारीक गुणगुणता आवाज येत होता. आणखी सतरा थर, दोन केसांची जाडी, सहा दिवस, की खाली लाउबेनचा हात होता. मी आयुष्यात दुसरं काही एवढं मागितलं नव्हतं. सासूबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या आणि मला एका शब्दाने विनवत नव्हत्या. त्यांनी कागद केला होता. तो वाचणं माझं काम होतं.

मी सुई बंद केली. कामाच्या वहीत लिहिलं, ‘काम थांबवले. कारण, वर दिसतो तो थर दुरुस्ती नसून चित्र आहे.’ आणि सही केली.

पुढे जे व्हायचं ते झालं. माझी बॅग मी उकलली. मंडळाने मला खुलासा विचारला, मी दिला, तो त्यांना पटला नाही, आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना मी घरी बसले. डॉक्टर राइन यांना थरवाचकाने वाचलेला लाउबेनचा चेहरा, जेवढा पाण्यातून वाचला होता तेवढा, पाठवून दिला. प्रदर्शनात तो पडद्यावर लावला आणि लोकांना आवडला, असं त्यांनी कळवलं. प्रत्यक्ष रंग पाहायला मिळाला असता तर, असंही एक वाक्य होतं. त्यांचं दुःख मला कळतं. ते माझंही आहे. मडमबाई मात्र मान खाली घालून हिरडगडलाच आहेत, आणि गावाने त्यांचं नाव बदललेलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी यंत्राचा आवाज थांबल्यावर हॉल एकदम मोकळा झाला. तौफिक खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सासूबाई काठी टेकत चित्राजवळ गेल्या. चेहऱ्याला त्यांनी हात लावला नाही. त्या चित्रातल्या डोळ्यांकडे बघत होत्या आणि मग ते डोळे कुठे बघतात ते शोधत होत्या. एक पाऊल डावीकडे सरकल्या, पुन्हा वर पाहिलं, आणखी अर्धं पाऊल. जागा सापडली. काठी त्यांनी घोडीला टेकवून ठेवली, पातळ आवरून घेतलं आणि एक हात फरशीवर टेकून हळूहळू खाली बसल्या. गुडघे वाजले. डोकं अगदी झग्याच्या चुण्यांपाशी आलं. वरून भागीरथीबाई बरोबर त्यांच्याकडे बघत होत्या.

फरशी गार होती. ब्याण्णवाव्या वर्षी खाली बसलेलं माणूस सहज उठत नाही. मी धावत गेले, त्यांच्या काखेत हात घातला आणि म्हटलं, आई, चला, खुर्चीवर बसा.

त्यांनी माझा हात बाजूला केला. वर बघतच म्हणाल्या, “उठवू नकोस गं. आत्ताच तर बसलेय.”